सुलाआक्काचा खटला

परवा पेपरात सुलाआक्कावर चार ओळी छापून आल्या. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न मिटला, त्या आनंदात जिल्ह्यातल्या जुन्या गायकांचा सत्कार ठेवलाय, त्याची बातमी होती. 'वस्ती पेटली' या कॅसेटमुळे गाजलेल्या पूर्णेच्या सुलाबाई यांनी त्यानंतर दुसरं काही केलं नाही, असं त्यात लिहिलंय. वाचून माझं डोकं सणकलं. दुसरं काही केलं नाही म्हणे. ती दुसरी गोष्ट करायला तिनं वर्ष घातलं, गाण्याची पार्टी मोडून घेतली, आणि हे शहाणे एका वाक्यात तिचा निकाल लावून मोकळे.

आक्काला बातमी वाचून दाखवली तर ती नुसती हसली. म्हणाली, "शाल देणार असतील. एवढ्या उन्हाळ्यात शाल कुठं घेऊन हिंडू?"

तिला राग येत नसेल, मला येतो. म्हणून जे झालं ते मीच सांगतो. माझा लाउडस्पीकरचा धंदा आहे. जयंती असो, लग्न असो, हरिनाम असो, पूर्णेत माइक माझा असतो. आणि कार्यक्रम कितीही बिघडला तरी माइकवाल्याला उठून जाता येत नाही. तो शेवटपर्यंत बसून सगळं ऐकतो.

सुलाआक्का मूळची पूर्णेची नाही. सोनपेठच्या बाजूला गोदाकाठच्या एका गावात ती दिली होती. गावाचं नाव लिहीत नाही. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि इकडं गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या, त्यात तिचीही वस्ती जळाली. नवऱ्याचा चुलतभाऊ नागनाथ त्या रात्री मारला गेला. नुकताच कॉलेजात जायला लागलेला पोरगा, मोर्चाला जाऊन आला होता, एवढाच त्याचा गुन्हा. नेसत्या कपड्यानिशी माणसं रेल्वेच्या पटरीनं चालत पूर्णेला आली आणि स्टेशनपलीकडच्या मोकळ्या जागेत राहिली. तिचा नवरा सिताराम फलाटावर हमाली करायला लागला. आक्का लोको शेडबाहेरच्या राखेतून अर्धे जळालेले कोळसे वेचून विकायची. हात कायम काळे.

तिचा आवाज गोड नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आजकाल कुणाचाही सत्कार असला की 'सुमधुर' असं छापतात. आक्काचा आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. माइकपासून हातभर लांब उभी केली तरी माझ्या मशीनचा काटा लाल पट्टीत जाऊन बसायचा. जयंतीच्या एका कार्यक्रमात गाणारा आला नाही म्हणून तिला पुढं ढकललं, आणि ती जी ओरडली, ते पेंडॉलमधली बसलेली माणसं उभी राहिली. सिताराम ढोलकी चांगला वाजवायचा. झाली पार्टी.

मग तिनं 'वस्ती पेटली' रचलं. लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. सुटी सुटी गाणी नाहीत, एका रात्रीची एकच गोष्ट. पहिल्या गाण्यात रेडिओवर बातमी येते, माणसं गूळ वाटतात. शेवटच्या गाण्यात बाया पोरं काखेत मारून पटरीनं चालतात. मधल्या एका गाण्याचं ध्रुपद 'काडी कुणाची, घर कुणाचं, सांगा सांगा सांगा'. माझ्याच मशीनवर कार्यक्रम चालू असताना टेप केलं. मागं कुत्री भुंकतात, पोरं रडतात, सगळं त्यात आलंय. शहरातल्या एका कंपनीनं ते घेतलं, वर रंगीत कागद लावला, आणि ती कॅसेट अशी पळाली की पाथरीच्या स्टँडवर, परभणीच्या पानटपरीवर, जीपमध्ये, जिकडं तिकडं 'सांगा सांगा सांगा'.

आणि इथंच माझी तळपायाची आग मस्तकात जाते. लोक त्यावर नाचायला लागले. जयंतीच्या मिरवणुकीत पोरं शर्ट काढून 'काडी कुणाची'वर नाचायची. हळदीत वाजायचं. ज्यांच्या भावकीनं काड्या लावल्या त्यांच्या ट्रॅक्टरवरसुद्धा मी ते ऐकलंय, मान डोलावून चाललेत. आक्का एकदा मिरवणूक बघत माझ्या गाड्यापाशी उभी होती. म्हणाली, "माझं घर जळायलंय अन् ह्ये नाचायलेत. मला काई नीट सांगता आलं न्हाई."

त्यातून दुसऱ्या गोष्टीनं तिच्या डोक्यात घर केलं. पहिली होती रात्रीची. दुसरी असणार होती त्यानंतरची, म्हणजे खटल्याची.

नागनाथच्या खुनाचा खटला चालला होता. गावच्या पाटलाचा, आबासाहेबाचा पुतण्या आणि त्याचे साथीदार आरोपी. आमच्याच वस्तीतली माणसं साक्षीदार. पोलिसांपुढं सगळ्यांनी बयान दिलं होतं. पण कोर्टाची तारीख आली तोवर चंद्रभान मधी पडला. चंद्रभान म्हणजे आमच्यातलाच पुढारी, बोलायला हुशार, पांढरे कपडे, पुढं नगरपालिकेवर निवडून आला. त्यानं साक्षीदारांना जीपमध्ये घालून आबासाहेबाच्या वाड्यावर नेलं आणि समजावलं. गेलेला पोरगा परत येत नाही, पोरंबाळं आहेत, पाटील घरासाठी पत्रे द्यायला तयार आहे. झालं. कोर्टात एकेकजण उभा राहिला आणि म्हणाला, अंधार होता, काही दिसलं नाही. आरोपी सुटले. पूर्णेच्या वस्तीत पत्रे आले. माणसाच्या जिवाच्या बदल्यात पत्रे. आणि त्या साक्षीदारांतला शेवटचा होता सिताराम, आक्काचा नवरा. तो तर म्हणाला, मी त्या रात्री तिथं नव्हतोच.

हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं. नागनाथची आई सरजाबाई त्याच वस्तीत, त्याच पत्र्याखाली राहायची. कोर्टात मागच्या बाकावर बसून तिनं सगळ्यांच्या साक्षी ऐकल्या होत्या. आपलं लेकरू गेलं तेव्हा त्याच्याजवळ आपलं असं कुणीच नव्हतं, हे ती तेव्हापासून मनात धरून बसली होती.

आक्काला हा खटला गाण्यात पुन्हा उभा करायचा होता. साधंसुधं नाही. प्रत्येक साक्षीदाराला वेगळी चाल. एकाची साक्ष ओवीत, एकाची कव्वालीत, एकाची पाळण्यात. वकील लावणीच्या ठेक्यात उलटतपासणी घेणार. कोर्टाचा शिपाई दाराशी येऊन नावाचा पुकारा करतो, 'हाऽजिर हो', तीनदा, तो पुकारा ताशाच्या तडतडीवर. पाथरीच्या एका बँडपार्टीतला क्लॅरिनेटवाला तिनं धरून आणला. कोरसला वस्तीतल्या बाया. आणि पहिल्या थापेपासून शेवटपर्यंत मधी कुठं थांबायचं नाही. टाळी वाजवायला जागा ठेवायची नाही. "थांबलं की लोक नाचतेत," ती म्हणायची.

वर्षभर तिच्या अंगणात तालीम चालली. सिताराम ढोलकीवर. तो मान खाली घालून वाजवायचा. गाण्यात एकेक साक्षीदार येऊन गेला, तसं त्यालाही दिसत होतं पुढं कोण आहे. एक दिवस त्यानं ढोलकी बाजूला ठेवून सरळ विचारलं, "माझं काय करणार हायस?"

"सगळ्यांचं केलं तेच," आक्का म्हणाली.

"माझं नाव नको घिऊस. मी तुझा नवरा हाय."

"तुमचं सोडलं तर मी बाकीच्यांचं कोणत्या तोंडानं घिऊ, अवो? मग त्यो खटला न्हाई, त्यो बी तडजोडच की."

सितारामानं ढोलकी पुन्हा ओढून घेतली. तालमीला येत राहिला. त्याचं कडवं आक्कानं तालमीत कधीच म्हटलं नाही. ते घोळून गुळगुळीत करायचं नाही म्हणाली, एकदाच म्हणायचं.

कंपनीवाला आला, अर्धा तास ऐकलं आणि घाम पुसायला लागला. त्याला पहिल्यासारखंच पाहिजे होतं, फक्त नवीन. बाई, ह्याची आठ तुकड्यांत सुटी गाणी करा, एक नाचायची चाल टाका, आणि ते आपल्याच माणसांची नावं काढणं राहू द्या, समाजात चुकीचा संदेश जातो. संदेशाची काळजी कुणाला, तर कॅसेट विकणाऱ्याला. आक्कानं त्याला चहा पाजून गाडीत बसवलं.

मग राहिला एकच रस्ता, जयंती. अठ्ठ्याऐंशी साल. उत्सव समितीचा अध्यक्ष अर्थात चंद्रभान. त्यानं नाही म्हटलं नाही. त्याच्यासारखी माणसं कधी नाही म्हणत नाहीत. संध्याकाळ बाहेरगावच्या कव्वालीला दिली आणि आक्काला दिली दुपारची चारची वेळ. एप्रिलात, पूर्णेत, चार वाजता. वर कापडाचं पेंडॉल, खाली तापलेली जमीन. त्याला वाटलं असेल कुणी येणार नाही. पण पेंडॉल भरलं. 'वस्ती पेटली'च्या सुलाबाई म्हणून सोनपेठकडची माणसंसुद्धा पोरं घेऊन आली होती. बायांच्या बाजूला पुढंच सरजाबाई पदर डोक्यावर ओढून बसली होती.

सुरुवात झाली आणि पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं की हे काही वेगळंच आहे. एरवी गाण्याच्या कार्यक्रमात खोकणारे खोकतात, पाणी पिणारे उठतात. इथं सगळे चिडीचूप. ताशा तडतडला, शिपायाचा पुकारा झाला, पहिला साक्षीदार ओवीत बोलायला लागला. आणि एक माणूस उठून नोट हातात धरून स्टेजकडं चालला.

आमच्या गाण्याच्या कार्यक्रमांची एक रीत आहे. बक्षीस आलं की नोट पेटीवर ठेवायची, गाणाऱ्यानं जिथं असेल तिथं थांबायचं, देणाऱ्याचं नाव घ्यायचं, जयभीम म्हणायचं, आणि पुन्हा ध्रुपदापासून उचलायचं. बक्षीस नाकारायचं नसतं. नाव घ्यायचं चुकवायचं नसतं. एकदा चुकलं तर तो माणूस, त्याची भावकी, जन्मभर लक्षात ठेवते. आक्का थांबली. नाव घेतलं. पुन्हा सुरू केलं. लगेच दुसरा उठला. मुलाच्या वाढदिवसानिमित्त. पुन्हा थांबली. तिसरा. अमुक मित्रमंडळातर्फे, तमुक तरुणांकडून, यांच्या आईच्या स्मरणार्थ. पहिला साक्षीदार दोन ओळी बोलतो आणि गप्प होतो, पुन्हा दोन ओळी, पुन्हा गप्प. लोक आधी टाळ्या वाजवत होते, मग आपसात बोलायला लागले, मग मागून आरोळी आली, "काडी कुणाची म्हणा की ओ."

मी उंचावर बसलेलो, मला सगळं दिसत होतं. चंद्रभान पेंडॉलच्या बांबूला टेकून उभा होता आणि नोटा तोच वाटत होता. एकेकाला पाठीवर हात ठेवून पुढं पाठवत होता. बंदी घातली असती तर बोंब झाली असती. ह्यानं बक्षिसं देऊन गाण्याचे तुकडे केले. माझ्या अंगातून वाफा निघायला लागल्या. मी बसल्या जागेवरून खूण केली, नोटा घेऊ नका. आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात लाइट गेली. टेप बंद पडला. त्या दिवसाचं म्हणून आज माझ्याकडं काही नाही ते त्यामुळं. पण मशीन मी नेहमी बॅटरीवर जोडून ठेवतो, माइक चालू होता. चंद्रभान माझ्याकडं आला. "लाइट गेली म्हणून सांग अन् बंद कर," म्हणाला.

"बॅटरी चांगली हाय, भाऊ," मी म्हणालो.

"तुला पुढच्या वर्षी जयंतीचं काम पायजे का न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो. खरंच मिळालं नाही पुढं. आक्कालाही त्यानंतर कुणी कार्यक्रमाला बोलावलं नाही.

तेव्हा नोट घेऊन निघाला सटवाजी. वयानं मोठा, वस्तीतला मानाचा माणूस, आणि त्या खटल्यातला दुसरा साक्षीदार. चंद्रभानानं त्याला पाठवायला नको होतं. हुशार माणूसही कुठं तरी माती खातो. सटवाजीनं नोट पेटीवर ठेवली आणि परत वळला. आक्कानं हात वर केला. ताशा वाजला. तिनं सटवाजीचं नाव घेतलं, बापाचं नाव, आडनाव, सगळं, आणि पुढं जयभीमच्या ऐवजी शिपायासारखं ओरडली, "हाऽजिर हो."

सटवाजी होता तिथंच थबकला.

"बसू नका, मामा," आक्का म्हणाली. "बक्षीस पोचलं. आता तुमची साक्ष हाय, ऐकून जा." आणि दुसऱ्या साक्षीदाराची कव्वाली तिनं त्याच्या तोंडावर सुरू केली. कोर्टात तो काय म्हणाला ते. पोलिसांपुढं काय म्हणाला होता ते. मध्ये जीप कुठं गेली ते. सटवाजी स्टेजखाली सगळ्यांपुढं उभा, हलता येईना आणि थांबता येईना. आक्काच्या आवाजात शिवी नव्हती, टोमणा नव्हता. तिनं फक्त जे बोलला तेच गायलं.

त्यानंतर एकही माणूस नोट घेऊन उठला नाही. चंद्रभान खुणा करत राहिला, पोरं जागची हलेनात. उठलं की नाव घेतलं जाणार, आणि नाव घेतल्यावर पुढं काय होतं ते सगळ्यांनी बघितलं होतं. सांगतो, बक्षिसाला घाबरलेली माणसं मी आयुष्यात एकदाच बघितली. खटला पुढं चालला. वकील आला, लावणी झाली, बायांचा कोरस चढला, तिसरा साक्षीदार पाळण्यात बोलला. मागं 'काडी कुणाची' मागणारे गप्प होऊन बसले होते. काही जण उठून गेले, खोटं कशाला सांगू, साक्षीदारांची भावकीच्या भावकी गेली. राहिले त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

मग ताशावर शेवटचा पुकारा. आक्का स्टेजच्या कडेला आली आणि तोंड लोकांकडं न करता ढोलकीकडं केलं. तिनं नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं. मराठवाड्यातली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलंच तर उखाण्यात. तिनं माइकवर तीनदा घेतलं. हाजिर हो. हाजिर हो. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला.

ढोलकी थांबली. मला वाटलं, सिताराम उठून निघून जाणार. तालमीत न म्हटलेलं कडवं आता येणार म्हणून मी आवाज थोडा कमी केला. पण आक्का गायलीच नाही. ती वाट बघत उभी राहिली. सिताराम उठला, माइकपाशी आला. इतकी वर्षं पार्टीत होता, माइकवर तो कधी बोलला नव्हता. तोंड इतकं जवळ नेलं की भोंगे घरघरले.

"मी व्हतो," तो म्हणाला. "मी तिथंच व्हतो. बाभळीच्या काट्यांच्या कुपामागं. पाटलाच्या पुतण्याच्या हातात कुऱ्हाड व्हती. मी बघितलं." एवढं बोलून तो माइकपाशी तसाच उभा राहिला.

कोर्टात हे कुणी ऐकणार नव्हतं, ते दार कधीच बंद झालं होतं. आरोपी गावात सुखानं नांदत होते, आजही नांदतात. ज्या साक्षीनं एक माणूस तुरुंगात गेला असता, ती साक्ष दहा वर्षांनी पूर्णेच्या एका पेंडॉलमध्ये, माझ्या बॅटरीवर झाली. ह्याची चीड मला तेव्हा आली आणि लिहिताना पुन्हा येते.

बायांच्या बाजूनं सरजाबाई उठली. तिला माइक नव्हता, लागलाही नाही.

"सितारामा," ती म्हणाली, "तू व्हतास तिथं?"

"व्हतो, काकू."

"पाणी मागितलं का रं त्यानं?"

सितारामानं सुलाआक्काकडं बघितलं. तिनं नजर वळवली नाही.

"मागितलं," तो म्हणाला.

"मंग?"

"मी कुपामागून निघालो न्हाई, काकू."

 कुणीतरी सरजाबाईच्या दंडाला धरून तिला खाली बसवलं. सुलाआक्का स्टेजवरून उतरून तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसली, आणि तिचा खटला तिथंच संपला.

चंद्रभान माझ्याकडं आला आणि त्यानं माइकसाठी हात पुढं केला. म्हणाला, बक्षीस दिलेल्यांचे आभार मानायचे राहिलेत. मी दिला नाही.